चक्कीची मोटर विहिरीवर

आंबवणी देऊन तीन दिवस झाले होते, आणि भर दुपारी विहिरीवरची मोटर जळाली. जळक्या वार्निशचा वास एकदा नाकात गेला की माणूस तो विसरत नाही. मी धावत जाऊन फ्यूज काढला, तोवर आतलं सगळं काळं झालं होतं.

दुसऱ्या कुठल्या महिन्यात हे झालं असतं तर मी दोन दिवस शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण जानेवारी होता. संत्र्याचा आंबिया बहार घ्यायचा म्हणजे आधी महिनाभर झाडांचं पाणी तोडायचं, पानं गळायला लागेपर्यंत. आमच्याकडे याला ताण देणं म्हणतात. मग एक हलकं पाणी द्यायचं, ती आंबवणी. आठ-दहा दिवसांत दुसरं, ती चिंबवणी. आंबवणीनं झाड जागं होतं. त्यानंतरचं पाणी चुकलं तर कळी झडते आणि वर्ष हातचं जातं. माझी तीनशे झाडं जागी होऊन बसली होती. हातात फार तर सहा-सात दिवस होते.

बाग मला कोणी दिली नव्हती. लोकांची संत्री तोडून, पेट्या भरून, पुढे दलाली करून मोहगावच्या वाटेवर ही तीन एकर घेतली होती. त्यामुळे सौंसरला मोटरवाल्याच्या दुकानात शिरलो तो आवाज चढवूनच. मोटर त्याच्याचकडची होती आणि गॅरंटीचे चार महिने बाकी होते.

गिऱ्हाइकाचा हिशेब संपवून त्यानं सावकाश मान वर केली. "स्टार्टरले काडी लावली होती काय?"

आता ही काडी म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. त्या काळी लाइन इतकी कमजोर यायची की स्टार्टर सारखा पडायचा, म्हणजे मोटर बंद करायचा. मोटर वाचावी म्हणूनच तो पडतो, पण मग पाणी कसं द्यायचं? म्हणून सगळा तालुका स्टार्टरच्या बटणात तुरीच्या काडीचा तुकडा ठोकून बसवायचा. मग तो पडायचा नाही. मोटर जळेपर्यंत पडायचा नाही.

"लावली होती," मी म्हणालो.

"मंग गॅरंटी गेली."

"तुमच्या बागेत काडी नाही काय? येता-जाता रोज पाहून राहिलो मी."

"आहे ना. पण माही मोटर जळली तं मी कोणाच्या दुकानात भांडाले जातो?"

दुकानातले लोक हसले. ते हसू माझ्या अंगातून अजून उतरलेलं नाही. त्यानं नव्या मोटरचे बत्तीसशे सांगितले, रोख. जळालेलीत नव्या तारा भरून वाइंडिंग करून घ्यायचं तर दहा दिवस, कारण अर्ध्या तालुक्याच्या मोटरी त्याच्या ओट्यावर पडलेल्या होत्या. माझ्याकडे अकराशे होते. पुरते असते तरी त्याला दिले नसते.

घरी येऊन मी जेवण होईपर्यंत त्याचा उद्धार केला. बायको ऐकत होती. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "भांडणानं पाणी चढते काय? डिझेलचं इंजिन विकलं तुम्ही, त्याचा पंप तं गोठ्यातच पडला आहे. तो पट्ट्यावर चालते. त्याले कोणतीही मोटर चालन."

माझा घास हातातच राहिला. दिवाळीच्या सुमारास पांढुर्ण्याला एका गल्लीत पिठाची चक्की पाहिली होती. चालवणारी बाई सगळं विकून मुलाकडे नागपूरला जाणार होती. चक्कीची मोटर हळू फिरते. विहिरीच्या पंपाला सरळ जोडली तर पाणी वर येत नाही, म्हणून कोणी बागाईतदार तिला हात लावत नाही. म्हणून ती स्वस्त. पण मोटरवर मोठी पुली, पंपावर लहान, मध्ये पट्टा घातला की पंप दुप्पट पळणार. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि ती काळजीनं नव्हे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं पांढुर्णा. मी धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून गेलो होतो. गरज दिसली की भाव चढतो, हे मी पेट्या भरताना शिकलो होतो.

"मावशी, चक्की विकून राहिल्या म्हणते."

"हो जी. कोणाले पायजे?"

"साळ्याले चक्की टाकून द्याची आहे. घाई नाही काही."

तिनं पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं, थंडीचं विचारलं, आणि त्याच सुरात म्हणाली, "आंबवणी झाली काय?"

"झाली ना, चार दिवस झाले," मी म्हणालो. जानेवारीत आमच्याकडे माणूस माणसाला हेच विचारतो, आणि तोंड आपोआप उत्तर देतं.

म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. "मंग घाई नाही कशी? मोटर साळ्याच्या चक्कीले नाही, विहिरीले पायजे. चिंबवणीले चार-पाचच दिवस राहिले."

आयुष्यात इतका स्वच्छ पकडला गेलो नव्हतो. राग यायला हवा होता, पण हसूच आलं. तिनं नुसत्या मोटरचे पंधराशे सांगितले. मी आठशे म्हणालो. ती म्हणाली, आठशेत मोटरखालचं फाउंडेशन उकरून न्या. मी उठलो, दारापर्यंत गेलो. तिनं हाक मारली नाही. मीच परत आलो. शेवटी साडेदहाशेला ठरलं, पण मोठी पुली आणि पट्टा त्यातच, आणि चालवून दाखवायची. लाइन कमजोर होती, बल्ब तांबडा जळत होता, तरी मोटरनं जरा कण्हून वेग धरला. मी हात लावून पाहिला. थंड होती.

"काडीगिडी लावू नका हिले," ती म्हणाली. "पडली तं पडू द्या. घडीभरानं उचला."

बसच्या टपावर मोटर चढवायला चार माणसं लागली. सौंसरला उतरवून बैलगाडीत घातली आणि गाडी मुद्दाम बाजारातून नेली, वर काही न झाकता. मोटरवाला दुकानाच्या पायरीवर आला.

"चक्कीची आणली? पाणी चढणार नाही हिच्यानं."

"तुमच्याही मोटरीनं कुठं चढून राहिलं," मी म्हणालो. गाडी थांबवली नाही.

बसवण्यात चार दिवस गेले. जुन्या गाडीच्या लाकडांचा पाया केला. पहिल्यांदा बटण दाबलं तर पंप उलटा फिरला. दोन तारांची अदलाबदल केली. मग पट्टा घसरायला लागला, त्याला राळ चोळली. आंबवणीनंतर नवव्या दिवशी दुपारी लाइन आली आणि मी बटण दाबलं. पट्टा सपसप करत पळायला लागला, पाइपात गुडगुड झाली, हवा सुटली, आणि पाणी आलं ते मनगटाएवढं. मी ओरडलो की नाही आठवत नाही. बायको सांगते, ओरडलात, आणि मोटरवाल्याचं नाव घेऊन ओरडलात.

स्टार्टर दोनदा पडला. दोन्ही वेळा मी हात पाठीमागे बांधून घडीभर उभा राहिलो. तो वेळ मला सगळ्यात जड गेला.

पाच वाजता लाइन गेली. शेवटच्या ओळीतली अकरा झाडं कोरडी राहिली होती. उद्याचं उद्या पाहू, असं मी म्हणणार होतो, पण बायकोनं हौदातून घागर भरलीसुद्धा.

"पाहून काय राहिले? उचला."

अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं घागरी वाहत होतो. फेब्रुवारीत बाग पांढरी झाली. ती अकरा झाडं इतरांपेक्षा दोन दिवस मागून फुलली. ते दोन दिवस मी सकाळी उठून आधी तिकडेच जायचो.