होडीची ओळ

ऑफिसात तिला सगळे पट्टीबाई म्हणत, कारण तिच्या हातात कायम एक लाकडी पट्टी असे. पट्टी मूळची तिच्या नवऱ्याची. चाळीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश शिवले. जवळचं दिसेनासं झालं तेव्हा दुकान बंद केलं, मशीन विकलं, कात्री कुणाला तरी देऊन टाकली. पट्टी तेवढी उरली. "हे निवृत्त झाले, पट्टीला मी नोकरीला लावलं," असं ती सांगायची. कडेचे आकडे पुसट झाले होते, पण तिला त्या आकड्यांशी काही कर्तव्य नव्हतं. तिला फक्त सरळ कड हवी होती.

ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत टेबलं, दुसरीत जमिनीपासून छतापर्यंत सरकारी अर्थसंकल्पाची पुस्तकं. चाळीस वर्षांची होती, पिवळ्या पुठ्ठ्याची, उशीएवढी जाड. सरकार लोकांचा पैसा कुठून गोळा करतं आणि कुठे घालतं हे ओळीन् ओळ वाचायचं, लोकांना कळेल अशा भाषेत त्याची लहानशी पुस्तिका काढायची, आणि जिथे पाणी मुरतंय असं वाटेल तिथे सरकारला उघड विचारायचं, हे त्या संस्थेचं काम. विचारल्यावर काही वेळा उत्तर येई. बहुतेक वेळा पोच येई.

"खालचा चष्मे विकतो आणि वर तुम्ही डोळे फोडता," नवरा म्हणायचा. "तुमचं आपसात ठरलेलं दिसतंय."

पट्टीबाई तिथे टंकलेखनाला म्हणून लागली होती. पुढे संगणक आले, टंकलेखन गेलं, पण तिला जा म्हणणं सगळ्यांच्याच जिवावर आलं. मग लक्षात आलं की नवं पुस्तक आलं की गेल्या वर्षीच्या पुस्तकाशेजारी ठेवून पहिलं वाचन करावं तर हिनेच. ती पट्टी ओळीखाली धरायची, ओळ वाचायची, शेजारच्या पुस्तकातली तीच ओळ बघायची. जुळलं तर पेन्सिलीचा ठिपका. खटकलं तर फुली. पट्टी एक ओळ खाली. शेजारच्या टेबलावरच्या दोघी मुली तेच आकडे संगणकात भरत, आणि जी ओळ अचानक फुगली किंवा आटली ती संगणक लाल करून दाखवी. तिच्या फुल्या आणि त्यांच्या लाल ओळी एकत्र करून पुढची चौकशी सुरू होई.

हे काम रटाळ आहे असं सगळ्यांना वाटे. तिनेही तो समज कधी मोडला नाही. रटाळ कामात कुणी डोकावत नाही.

खरं म्हणजे दुपारी, पडद्यातून गाळलेलं ऊन पानावर येऊन बसलं की पट्टीच्या कडेवरून गावं वर यायची. 'पुलाची डागडुजी' वाचलं की पूल दिसायचा, त्याच्या कठड्याला टेकून कुणीतरी केस वाळवत बसलेलं. 'वसतिगृहासाठी पलंग, चाळीस' म्हटलं की चाळीस पलंग ओळीने उभे राहायचे आणि खिडकीजवळच्या एकावर नवी चादर कोण अंथरतंय ते ती बघत राहायची. ती स्वतः या शहराबाहेर फारशी गेली नव्हती. पण चौदाशे पानांचा मुलूख तिच्या पायाखालचा होता.

त्या सगळ्या मुलखात तिची सगळ्यात लाडकी होती होडी. आरोग्य खात्याच्या भागात, पान सहाशे बाराच्या आसपास, दरवर्षी एक ओळ यायची. 'तरंगता दवाखाना, नदीपलीकडील सात गावे: इंधन, नावाडी व देखभाल'. अकरा वर्षांपूर्वी ती ओळ पहिल्यांदा भेटली आणि तिने तिथल्या तिथे होडीला हिरवा रंग देऊन टाकला. मग पांढरा पडदा आला. पडद्याआड बाकावर एक नर्स, मांडीवर औषधांची पेटी. धुक्यातून होडी येतेय, पलीकडच्या काठावर बायका उभ्या आहेत, एकीच्या कडेवर तापलेलं लेकरू. होडी कधी चुकत नाही. दरवर्षी ओळ असायची, तरतूद असायची, शेजारच्या रकान्यात पूर्ण खर्च झाल्याची नोंद असायची, आणि पुढच्या वर्षी थोडी वाढ. ती ठिपका द्यायची, आणि पट्टी खाली सरकवण्याआधी क्षणभर थांबायची. काठावर पाय पाण्यात सोडून बसावं तशी.

त्या वर्षी पुस्तक घरी आणलं होतं. नवरा भाजी निवडत होता. डोळ्यांनी नव्हे, बोटांनी.

"आली का गं तुझी होडी?" त्यांनी विचारलं. दरवर्षी विचारायचे.

"आली. अगदी वेळेवर."

"पोर चांगली वाढतेय ना?"

"दर साल थोडी थोडी. कधी हट्ट नाही, कधी रुसवा नाही." आणि कौतुकाने तिने वहीतून सुरुवातीपासूनचे आकडे वाचून दाखवले. चार लाख. चार लाख वीस हजार. चार लाख एक्केचाळीस हजार. चार लाख त्रेसष्ट हजार पन्नास. अशी अकरा वर्षं.

त्यांची बोटं देठावर थांबली. "हे मुलाचं माप नाही."

"म्हणजे?"

"अगं, चाळीस वर्षं पोरांची मापं घेतली मी. एखादं वर्ष पोरगं ताडासारखं वाढतं, एखादं वर्ष आजारी पडून होतं तिथेच राहतं. एक शाळा होती, मास्तर मापं वहीत लिहून पाठवायचे. एका पोराची बाही दरवर्षी बरोब्बर एक इंच वाढायची. चार वर्षं मी शिवून दिले कपडे. मग कळलं, पोरगं पहिल्याच वर्षी शाळा सोडून गेलेलं. मास्तर घरी बसून इंच लिहायचे." त्यांनी देठ बाजूला टाकला. "जे असतं ते अडखळतं."

पट्टीबाईने वहीतल्या आकड्यांवरून पुन्हा एकदा पट्टी फिरवली. मधल्या एका वर्षी तेल किती भडकलं होतं ते तिला आठवलं. त्या वर्षी पुस्तकातल्या प्रत्येक गाडीची, प्रत्येक पंपाची ओळ फुगली होती आणि तिने पानोपानी फुल्या मारल्या होत्या. होडीची ओळ मात्र शंभराला पाच, न कमी न जास्त. नदीला ना पूर आला, ना नावाडी आजारी पडला, ना इंजिन बिघडलं. संगणक उडी मारणाऱ्याला पकडे. जे कधी अडखळलंच नाही त्याला पकडायचं काम तिचं होतं, आणि ती काठावर पाय सोडून बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिने संस्थेच्या मोठ्या ताईंना सांगितलं. ताई वयाने तिच्यापेक्षा लहान, पण संस्था त्यांनीच उभी केलेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून आकड्यांवरून एकदा बोट फिरवलं. "जाऊन बघावं लागेल," त्या म्हणाल्या. "तुम्हीच जा, बाई."

"मी? मी तर उंटावरून शेळ्या हाकणारी."

"मग एकदा उतरा."

सहा तास बस, मग पायी. नदी तिने कल्पिली होती तिच्या दुप्पट रुंद निघाली, आणि धुकं अजिबात नव्हतं. धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर होडी पालथी पडली होती. तिच्या पाठीवर भोपळ्याचा वेल पसरला होता आणि खालच्या सावलीत कोंबड्या. रंग कुठला होता ते आता सांगता आलं नसतं. पट्टीबाईने हात लावला. लाकूड उन्हाने गरम होतं, झोपलेल्या जनावरासारखं. तिला एकदम वाटलं, हळू बोलावं.

"आठ वर्षं झाली," मागून कुणी म्हणालं. नर्स होती. केस पिकलेले, खांद्याला औषधांची पिशवी, पायात पुरुषी बूट. "इंजिन गेलं, नावाडी दोन वर्षं थांबला, मग दुसरीकडे कामाला लागला. मी पुलावरून वळसा घालून जाते. बावीस किलोमीटर. महिन्यात दोनदा जमतं. अडलेली बाळंतीण असली तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "तुम्ही कोण?"

पट्टीबाईने सांगितलं. पुस्तक उघडून ओळ दाखवली. नर्सने ती बोट ठेवून वाचली, आणि खळखळून हसली. "बघा, इथे आमची होडी चालतेय की. आणि मी वेडी पायी हिंडते." मग हसणं ओसरलं. "तुम्ही हे वर सांगणार?"

"त्यासाठीच आलेय."

"मग ओळ खोडतील. माझं एवढं ऐका, बाई. पैसे कुणी खाल्ले ते शोधा, त्याला उलटा टांगा, पण ओळ खोडू देऊ नका. पालथी होडी उलथता येते. ओळ गेली की आम्ही कागदावरूनही गेलो."

परतीच्या बसमध्ये पट्टीबाईला डोळा लागला. स्वप्नात पुस्तकाचं पान ओलं झालं होतं आणि पट्टी पाण्यावर तरंगत दूर चालली होती. पलीकडे बायका उभ्या होत्या. कुणी हाक मारत नव्हतं, नुसत्या बघत होत्या.

अहवाल तिने स्वतः लिहिला. पहिल्याच परिच्छेदात घातलं, की संस्थेच्या वाचनात ही ओळ अकरा वर्षं बरोबर धरली गेली. त्यातली आठ वर्षं होडी बंद होती.

मोठ्या ताई अडखळल्या. "हे लिहायलाच हवं का? उद्या म्हणतील, तुमचेच डोळे धड नाहीत."

"म्हणू देत. त्यांनी उघडं करावं म्हणून आपण भांडतो. मग आपलं झाकायचं कुठल्या तोंडाने?"

ताईंनी परिच्छेद तसाच ठेवला.

सुनावणी आरोग्य खात्याच्या दालनात झाली. समोर उपसचिव, गुळगुळीत दाढीचे, आवाजात लोणी. त्यांनी अहवाल चाळला, कानावर हात ठेवले, जिल्ह्याकडून माहिती मागवू म्हणाले, आणि मग सुटकेचा मार्ग सापडल्यासारखे हसले. "तुमची सूचना रास्त आहे. होडी नसेल तर तरतूद कशाला? यंदापासून ही ओळ काढून टाकू. झालं समाधान?"

खोलीतल्या दोघातिघांनी पटल्यासारख्या माना डोलावल्या. ताई बोलायला गेल्या, तोच पट्टीबाई उभी राहिली. हातात पट्टी होती, हे तिला उभी राहिल्यावर कळलं.

"साहेब, माझे यजमान शिंपी. कपडा मापात बसला नाही तर ते उसवायचे, पोराला घरी पाठवायचे नाहीत. होडी नाही, पण नदी आहे. सात गावं आहेत. मी बघून आलेय. ओळ खोटी नव्हती, तिच्यापुढचा खर्च खोटा होता. ओळ ठेवा. फक्त एवढं करा, होडी किती वेळा गेली, कोण घेऊन गेलं, तेल किती लागलं, ते दर महिन्याला धक्क्यावर फळ्यावर लिहा. तिथल्या बायका वाचतील. आठ वर्षं त्या ओळीला ठिपका देत आले ती मी एकटीच, इथे बसून. त्या असत्या तर पहिल्याच महिन्यात फुली मारली असती."

उपसचिवांनी तिच्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे. "बाई, ती पट्टी खाली ठेवा आधी. शाळेत बसल्यासारखं वाटतंय." कुणीतरी हसलं. मग तेही हसले, आणि टिपण घेणाऱ्याला म्हणाले, "लिहून घ्या. फळ्याचंही."

लिहून घेणं म्हणजे होणं नव्हे, हे तिला चांगलं ठाऊक होतं. वर्षभर ताईंनी पत्रं पाठवली. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर वेलाखालची होडी छापली. नर्सने सात गावांच्या सह्या आणि अंगठे गोळा करून पाठवले. आठ वर्षांचं तेल कुणाच्या गाड्यांत गेलं याची चौकशी सुरू झाली आणि ती अजूनही सुरूच आहे.

नवं पुस्तक आलं. पट्टीबाईने पहिल्या पानापासूनच सुरुवात केली, उतावीळपणा केला नाही. चौथ्या दिवशी दुपारी पान सहाशे वीसवर पट्टी थांबली. ओळ होती. आकडा सात लाख तेरा हजार चारशे अठ्ठावीस. कशातच न बसणारा, वेडावाकडा. खाली बारीक अक्षरात: 'इंजिन, फळ्या, रंग, नावाडी एक. फेऱ्यांची नोंद धक्क्यावर'. शेजारच्या टेबलावर संगणकाने ती ओळ लाल केली होती.

तिने पेन्सिल उचलली आणि ठेवली. नर्सला फोन लावला.

"होडी आली का हो?"

"गेल्या आठवड्यात पाण्यात सोडली," नर्स म्हणाली. मागे वारा होता. "नावाडी नवाच आहे. तेवढा भोपळ्याचा वेल काढताना जीव गेला माझा."

"रंग कुठला दिलाय?"

"निळा. का हो?"

"काही नाही." एका क्षणात हिरवी होडी तिच्या डोळ्यांसमोरून निघून गेली, कुणावर न रागावता. "चालते का नीट?"

"थांबा, फोन धरते. तुम्हीच ऐका."

पट्टीबाईने डोळे मिटले. पाणी वाजत होतं. कुणी बाई कुणाला तरी सरकून बस म्हणत होती, एक मूल रडत होतं. मग इंजिन खोकलं. थांबलं. पुन्हा खोकलं, धापा टाकत सुरू झालं, मधेच गचकलं.

"अडखळतंय जरा," नर्स ओरडून म्हणाली.

"अडखळू दे," पट्टीबाई म्हणाली.

फोन कानाशी तसाच धरून तिने दुसऱ्या हाताने ठिपका दिला. पानावर ऊन आलं होतं. पट्टी एक ओळ खाली सरकवायची होती, पण पलीकडचा काठ यायला अजून वेळ होता.