चित्राची भिंत

गेनू पेंटर गेल्याचं मला स्टँडवरच्या टांगेवाल्यानं सांगितलं. "सायेब, भिंतीवर चित्र काडलं हुतं ते पेंटर गेले की." त्याला महिना होऊन गेला. दहाव्याला गेलो, पण त्यांच्या बायकोच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही... का, ते आज लिहायला बसलोय.

दुकानांच्या पाट्या रंगवणं हा गेनूभाऊंचा धंदा. माझं अक्षर बरं, म्हणून पाटीचा मजकूर ते माझ्याकडून कागदावर उतरवून घेत. मी कर्जतकडच्या कोरडवाहू गावचा. पण नगरच्या कचेरीत बागायतदाराचा मुलगा म्हणून मिरवायचो. दुष्काळात आमच्या गावाजवळ खडी फोडायचं काम निघालं. घरची जमीन असूनही आई त्या कामावर जायची. कामाची पाटी रंगवायला गेनूभाऊ तिकडं गेले, आईच्या हातची भाकरी खाऊन आले आणि स्टँडसमोरच्या नगरपालिकेच्या भिंतीवर, रीतसर परवानगी काढून, पदरचा रंग घालून, त्यांनी खडी फोडणाऱ्या बाया रंगवल्या. मधोमध आई. हातोडा उचललेला आणि तोंडावर हसू.

लोक थांबून बघायचे. खेड्यातून आलेल्या बाया तर भिंतीपुढंच भाकरीचं फडकं सोडून बसायच्या. "ही आपलीच की गं," म्हणायच्या. कचेरीतले एकजण मात्र मला म्हणाले, "हिचं नाक अगदी तुमच्यासारखं आहे हो." सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याच संध्याकाळी नगरपालिकेला निनावी अर्ज लिहिला. शहराच्या तोंडावर हे दारिद्र्याचं प्रदर्शन शोभत नाही, असं काहीतरी. आठवड्याच्या आत भिंतीवर चुना फिरला. तो फिरवायचं काम गेनूभाऊंनाच दिलं.

चारच दिवसांनी आई न कळवता एस.टी.नं आली. ठेवणीतलं लुगडं, डोक्याला तेल. "माजं चित्र काडलंय म्हनं. गावात समद्या इचारत्यात. दाव की." मला नाही म्हणता आलं नाही. आई त्या पांढऱ्या भिंतीकडं नुसती बघत राहिली. समोरच्या दुकानाची पाटी रंगवत गेनूभाऊ शिडीवर होते, ते खाली उतरले.

"मावशी, माजंच चुकलं. रंग हलका निगाला, उडाय लागला, म्हून मीच पुसलं. पुन्ना काडतो."

माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. तेव्हा कळलं, अर्ज त्यांना दाखवला गेला होता. माझं अक्षर त्यांच्याइतकं कोण ओळखणार...

"आसू द्या," आई म्हणाली. "पर हसतानाचंच काडा."

नगरपालिकेनं पुन्हा परवानगी दिली नाही. त्यासाठी दुसरा अर्ज लिहिणं माझ्या हातात होतं. आज लिहू, उद्या लिहू करत मी लिहिला नाही, आणि गेनूभाऊंनीही कधी मागितला नाही. फक्त पाट्यांचे मजकूर घेऊन येणं त्यांनी बंद केलं. या सगळ्याची मला फार लाज वाटते.

परवा आईला आणायला स्टँडवर गेलो. ती त्या भिंतीला टेकून बसली होती. "हितंच थांबले, चित्रापाशी," म्हणाली. तिला वाचता येत नाही. हे छापून आलं की मलाच तिला वाचून दाखवावं लागेल, तिथंच बसून.