मेक्सिकोची तयारी

खोकला आला की तो रुमाल तोंडाशी धरायचा, मग उघडून आत बघायचा, चार घड्या घालून खिशात ठेवायचा आणि म्हणायचा, "काय नाय होत." आपण काही विचारलेलं नसायचं. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणारा. असला तर त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवू नका.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नाशिकबाहेरच्या एका सरकारी शेतावर गव्हाचे प्रयोग चालत, तिथे आम्ही दोघे सहायक होतो. तो नांदगावकडचा, नोकरीत कायम झालेला. मी नाशिकचाच, पण टेंपररी. दर सहा महिन्यांनी नव्या ऑर्डरची वाट बघणारा. गव्हावरचा तांबेरा रोग हा त्याचा जन्माचा वैरी होता. रोगट पानं चोळून चोळून त्याची बोटं तांबूस झालेली असत आणि त्याच बोटांनी तो भाकरी मोडायचा. मी ओरडलो की ठरलेलं उत्तर यायचं.

मेक्सिकोत या रोगाचा अभ्यास करायला वर्षभरासाठी त्याची निवड झाली, तेव्हा साहेबांपासून मजूर बायांपर्यंत सगळ्यांना आपणच निघाल्यासारखं वाटलं. तिथली भाषा स्पॅनिश. मिशनच्या बंगलीत एक म्हातारे स्पॅनिश फादर राहत. दर रविवारी हा सायकल मारत त्यांच्याकडे जाई आणि बियाण्याच्या पाकिटांच्या पाठीवर देवनागरीत शब्द लिहून आणी. त्रिगो म्हणजे गहू, आग्वा म्हणजे पाणी. मग वाफ्यात वाकून ओंब्यांशी तेच बोलत बसायचा. बाया विचारायच्या, "भाऊ, गव्हाला शिव्या देऊन राह्यले का?"

एका रविवारी फारच खुशीत आला. "काय नाय होत"ला तिकडे "नो पासा नादा" म्हणतात म्हणे. "माझंच वाक्य तिकडंबी चालतं," तो म्हणाला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबली नाही.

इथे आमची एक वाईट खोड सांगायला हवी. शेतावर रोज सकाळी सातला पाऊस आणि तापमान मोजून वहीत लिहायचं काम आम्हा दोघांकडे आलटून पालटून असे. पण ज्याची पाळी त्याचं नाव वहीत, आणि जाई तो, ज्याला लवकर जाग येई. आकडा खरा असला म्हणजे झालं, नाव कुणाचं का असेना, असा आमचा कारभार होता. साहेबांना माहीत होतं आणि तेही काणाडोळा करत.

परदेशी जाण्याच्या कागदांत छातीचा एक्स-रे मागितला होता. ते वाचलं त्या दिवशी त्याने डबा उघडला नाही. त्याचा थोरला भाऊ टीबीने गेला होता, हे मला तेव्हा कळलं.

"या पाळीला तू जा," तो म्हणाला.

मी रोज शंभर जोर काढणारा माणूस. माझ्या छातीचा मला भारी गर्व होता. "चल," म्हटलं, "येताना मला एक टोपी आण." सरकारी दवाखान्यात त्याच्या नावाची हाक आली आणि मी उठलो. थंडगार काचेला छाती लावली, श्वास रोखला. पाच मिनिटांचं काम.

रिपोर्ट आणायला तो एकटाच गेला. दुपारी माझ्या दारात आला, पण उंबऱ्याच्या आत आला नाही.

"उजवीकडं वर डाग हाय," तो म्हणाला.

मी हसलो. "बघ, तुझी भीती खरी निघाली की!" म्हणालो. त्याने माझ्या छातीकडे बोट केलं. मग माझं हसू थांबलं.

"उद्या साहेबांना खरं सांगतो," मी कसंबसं म्हटलं.

"आणि? तू टेंपररी. पुढची ऑर्डर येणार नाय तुला. वहिनींना सातवा महिना."

"आणि तुझं मेक्सिको?"

"माझा काढला न् त्यातबी निघाला तर?"

त्याने तो कागद तसाच साहेबांच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या शेतावरचा कुणीतरी मेक्सिकोला गेला. मला त्या वेळी वाईट वाटायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. हे कबूल करायला इतकी वर्षं लागली.

टीबीचं कार्ड त्याच्या नावाचं निघालं. दवाखान्यात त्याची हाक आली की मी उठायचो, सुई घ्यायचो, गोळ्या खिशात टाकायचो. घरी सांगितलं, ताकदीचं औषध आहे. शेतावर मात्र त्याचा चहाचा कप वेगळा झाला. कान तुटलेला, खिडकीत उपडा घातलेला. तो मुकाट्याने त्यातून प्यायचा आणि मी सगळ्यांच्या कपातून. माझ्यापासून कुणाला काय झालं असेल, हा विचार मी तेव्हा मनाजवळ येऊ दिला नाही.

दीड वर्षाने कार्डावर 'बरा' असा शेरा पडला. त्याने पेढे आणले. त्याच्या हातचा पेढा कुणी घेईना, म्हणून मी दोन खाल्ले. तोवर त्याचा सदरा खांद्यावरून उतरायला लागला होता. आता तरी तुझा एक्स-रे काढू, म्हणून मी हातापाया पडलो.

"कार्डावर बरा झालोय ना मी?" तो म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात तो रजेवर गावी गेला तो परत आलाच नाही.

तेरावं झाल्यावर त्याचं सामान न्यायला वडील आले. धोतर, पागोटं, हातात पिशवी. मी त्यांना बाकावर बसवलं.

"तालुक्याच्या डॉक्टरकडं नेलं व्हतं," ते म्हणाले. "त्यानं कार्ड पाह्यलं. म्हणला, दीड वरीस सगळं औषध झालंय, आता याला काई लागू व्हणार नाय. घरी न्या."

"तो काही बोलला नाही डॉक्टरांना?"

"नाय. डॉक्टरनं इचारलं, समद्या सुया घेतल्या का? तर म्हणला, घेतल्या."

म्हातारे उठले. पिशवी खांद्याला लावली आणि जाता जाता माझ्या दंडावर हात ठेवला.

"तुमी तब्येत चांगली राखली, बाबा," ते म्हणाले.