दादाच्या हाताशी स्विच

एकतीस वर्षं तिने इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काढली, म्हणून सगळे तिला हॅलोताई म्हणत. तिचा थोरला भाऊ घड्याळजी. दोघांनीही लग्न केलं नाही. त्यामागे काही मोठी गोष्ट नव्हती, राहून गेलं, इतकंच. "टिकटिक त्याची, टकळी माझी," असं ती घराचं वर्णन करायची.

मग एका सकाळी दाढी करता करता दादा पडला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तिळाएवढे स्क्रू बसवणारा हात मांडीवर कुणीतरी ठेवून विसरल्यासारखा पडून राहू लागला. चाकाच्या खुर्चीत बसून तो दिवसभर समोरच्या भिंतीकडे बघायचा. ताई दोघांच्या वाटचं बोलायची, पण त्याचे डोळे काही हलायचे नाहीत.

ते हलले माशांमुळे. वरच्या मजल्यावरचे लोक घर सोडून चालले होते. त्यांनी जाताना काचेची लहानशी टाकी ताईच्या गळ्यात मारली. तीत पाच इवलेसे टेट्रा आणि एक लाल फायटर होता. टाकी दादाच्या खुर्चीजवळच्या टेबलावर ठेवली, आणि दुसऱ्याच दिवशी ताईला दिसलं की दादाची नजर फायटरच्या मागे मागे फिरतेय. तिला इतका आनंद झाला की ती स्वयंपाकघरात जाऊन रडून आली.

थंडी पडली तसा फायटर तळाशी जाऊन पडला. दादाने जेवण टाकलं. ताई तडक माशांच्या दुकानात गेली.

"मावशी, पाणी गार पडलंय, हीटर लावा," दुकानदार म्हणाला. "तुमच्या टाकीला पन्नास वॉटचा बास. पण नीट ऐका. हा पूर्ण पाण्यात बुडालेला पाहिजे. बुडवल्यावर वीस मिनिटं थांबा, मगच चालू करा. पाणी बदलायच्या आधी प्लग काढायचा, पंधरा मिनिटं जाऊ द्यायची, तेव्हाच टाकीत हात घालायचा. चालू हीटर पाण्याबाहेर आला की तापून लाल होतो, आणि त्यावर गार पाणी पडलं की काच तडकते."

"आणि त्याचा काटा बिघडला तर?"

"म्हणून थर्मामीटर वेगळा घ्या. हीटरवरच्या आकड्यावर विसंबायचं नाही. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन न्या, म्हणजे पाणी ओघळलं तरी झोळातून खाली ठिबकेल, सॉकेटात शिरणार नाही."

ताईने सगळं तंतोतंत केलं. फक्त सॉकेट कपाटामागे होतं. तिथे हात घालायचा तर तिला गुडघ्यावर बसून अंग चोरावं लागे.

फायटर चार दिवसांत वर आला आणि दादाला काम मिळालं. सकाळ-संध्याकाळ तो थर्मामीटर बघायचा आणि डाव्या हाताची बोटं दाखवायचा, आधी दोन, मग मूठ उघडून पाच आणि वर आणखी एक. "सव्वीस! साहेबांनी पास केलं," ताई म्हणायची. दादा तोंडाच्या एका कोपऱ्यातून हसायचा.

दर रविवारी ती पाणी बदलायची. एका रविवारी ती तापाने पडून होती, त्यामुळे ते राहिलं. बुधवारी बरं वाटलं तशी ती दादाची औषधं आणायला गेली. रांग मोठी होती, पाऊण तास गेला.

परत आली तर घरात अंधार, पंखा बंद. जमिनीवर पाणीच पाणी. दादा टाकीपाशी, मांडीवर प्लास्टिकचा मग, कपडे चिंब. टाकीत हीटरच्या काचेचे तुकडे पडले होते आणि सहाही मासे पोट वर करून तरंगत होते.

काय झालं ते सांगायला कुणी लागलं नाही. बहिणीचं एक काम आपण उरकावं, असं त्याच्या मनात आलं असणार. कपाट थोडं सरकलेलं होतं, म्हणजे प्लगपर्यंत पोचायची धडपड त्याने केली होती. ते जमलं नाही, तरी त्याने डाव्या हाताने पाणी उपसलं. हीटर उघडा पडून तापला, ते दिसताच घाबरून त्याने वरून गार पाणी ओतलं. काच फुटली, पाण्यात करंट उतरला आणि मेन स्विच पडला. हात पाण्यात नव्हता म्हणून दादा वाचला.

भीतीच्या भरात ताईच्या तोंडून निघून गेलं, "एका जागी गप्प बसता येत नाही का रे तुला?"

दोन वर्षं एका जागी गप्प बसलेल्या माणसाला!

दादाने मांडीवरचा मग टेबलावर ठेवला. डाव्या हाताने चाक फिरवून तो हळूहळू आपल्या जुन्या भिंतीसमोर जाऊन थांबला.

माफी मागायची म्हणून ती रोज ठरवायची. त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसायची आणि भाजीवाल्यापासून हवेपर्यंत सगळं बोलायची, तेवढं सोडून. शेवटी तिने वायरमनला बोलावलं. "बोर्ड इथे लावा," टाकीपाशी दादाची खुर्ची असायची तिच्या डाव्या अंगाला, टाकीच्या पाण्यापेक्षा उंच जागा तिने दाखवली. "आणि स्विच मोठा द्या, एका बोटाने दाबता येईल असा." नवा हीटर आणला, पाण्याबाहेर उघडा पडला की आपोआप बंद होणारा, वर जाळीचं कवच असलेला. नवे मासे आणले, या वेळी सात.

रविवारी ती बादली घेऊन उभी राहिली. "दादा, बंद कर ना. तू केल्याशिवाय मी हात घालायची नाही."

तो वळला नाही. पुढच्या रविवारीही नाही. पाणी गढुळलं तरी ती हटून बसली. तिसऱ्या रविवारी चाकं कुरकुरली. दादा आला, त्याने स्विच दाबला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण पंधरा मिनिटं बसला. मग मानेने "हं" केलं. पण हसला नाही. पूर्वीसारखी बोटंही त्याने कधी दाखवली नाहीत.

असे चार रविवार झाले. पाचव्याच्या आदल्या दुपारी, ताई कपडे वाळत घालत असताना, त्याला दुसरा झटका आला. इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

महिन्याभराने ती खाद्य आणायला दुकानात गेली. एक नवराबायको हीटर घेत होते आणि दुकानदार त्यांना वीस मिनिटं, पंधरा मिनिटं समजावत होता.

"प्लग कुठे लावणार?" ताईने मध्येच विचारलं.

"टाकीमागे आहे एक सॉकेट," बाई म्हणाली.

"तिथे नको. घरातल्या प्रत्येकाचा हात पोचेल अशा जागी घ्या. कोण कधी मदतीला येईल, सांगता येत नाही. आणि आलंच कुणी, तर आधी त्याला लागलं का ते विचारा. बाकी मागाहून."

बाई जरा गोंधळली. "तुमच्याकडे कोण कोण असतं?"

"मी आणि सात मासे," ताई म्हणाली आणि खाद्याचा डबा पिशवीत टाकून पायऱ्या उतरली.