नीराबाईला पटलेलं चित्र

थळच्या कोळीवाड्यात नीराबाईला सगळे ओळखत ते तिच्या सुक्या बोंबलांसाठी. तिचे बोंबील कधी कडक होत नसत की त्यांना कधी कुबट वास येत नसे. पण एकोणीसशे एक्कावन्नच्या दिवाळीनंतर तिची आणखी एक ओळख झाली, आणि तिला कारण ठरला पेणचा अनंताशेठ.

अनंताकडे सिनेमाचा फिरता तंबू होता. भातं कापून शेतं मोकळी झाली की तो दोन बैलगाड्यांत कनाती, इंजिन आणि चित्र दाखवायचं मशीन घालून किनाऱ्यानं निघायचा. त्या साली तो पहिल्यांदाच थळला आला. गाडीवर भोंगा बांधून दिवसभर गावात ओरडत फिरला, आणि दिवेलागणीला अर्धं गाव तंबूत येऊन बसलं. मध्ये दोरी होती. अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. नीराबाई आपल्या जावेबरोबर, रंगूबरोबर, अगदी पुढे मातीत फतकल मारून बसली होती.

पहिलं चित्र देवाचं होतं. देव प्रकटला तशा बायकांनी हात जोडले, कुणीतरी पडद्यासमोर नारळ फोडला. नीराबाईनंही हात जोडले. बाहेर आल्यावर मात्र ती रंगूला म्हणाली, "देव लई घाईत व्हता गो. भक्ताचं रडणं पुरतं ऐकलंबी नाय, आन वर देऊन मोकळा."

रंगू हसून हसून बेजार झाली आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिनं ते चारचौघींना सांगितलं.

तिसऱ्या दिवशीच्या चित्रात एका नाखव्याचं तारू बुडतं. त्याची बायको केस मोकळे सोडून वाळूत धावते, पडते, उठते आणि दुःखाचं लांबलचक गाणं म्हणते. तंबूत हुंदके फुटले. रंगूचा पदर ओला झाला. नीराबाई कोरड्या डोळ्यांनी बघत राहिली.

"तुना रडू नाय आलं?" रंगूनं बाहेर पडताना विचारलं.

"कशाला येईल? खोटं हाय त्ये," नीराबाई म्हणाली. "तुझ्या भावजींची होडी आली नाय तवा मी चार दिस वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालत व्हते. घातलेलं वाळवण कोन काढनार? रडू आलं पाचव्या दिसाला, त्येबी त्यांचा सदरा धुताना. गानं कुठचं सुचतंय त्यावेळी?"

नीराबाईचा नवरा विठोबा तीन वर्षांपूर्वी समुद्रावर गेला तो परत आला नव्हता. त्याविषयी ती कुणाशी एवढं कधी बोलली नव्हती.

दाराशी उभ्या असलेल्या अनंतानं हे ऐकलं. त्याला ते झोंबलं. "बाई, हे चित्र मुंबईत पंचवीस आठवडे चाललंय," तो म्हणाला.

"चालू दे की," नीराबाई म्हणाली. "मुंबईत बायकांना येळ असंल धावायला. पर शेठ, त्यात तो आचारी झालेला मानूस हाय ना, जो मालकाच्या पंगतीकडं बघत उभा राहतो? त्यानं लई झ्याक केलं. खराच भुकेला वाटला मना. त्याचं नाव काय वं?"

अनंताला नाव ठाऊक नव्हतं. दोन मिनिटांसाठी आलेल्या त्या नटाकडे त्यानं कधी नीट पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, आणि बाई बरोबर बोलली हे त्याला कबूल करावं लागलं.

पुढं दर साली तंबू येई आणि नीराबाई प्रत्येक चित्र बघे. तिला जे आवडे ते ती तोंड भरून सांगे. टोपली घेऊन बाजारात बसली की गिऱ्हाईक आधी विचारी, "काल काय व्हतं गो तंबूत?" मग ती सुरू होई. राजाराणीच्या चित्रातली तलवारबाजी तिला आवडायची नाही, पण त्यातली म्हातारी दासी आवडायची. एका विनोदी चित्रातला कारकून तिनं इतक्या वेळा करून दाखवला, की ज्यांनी चित्र पाहिलंच नव्हतं तेही त्याच्यासारखे चष्मा सावरू लागले. तिला कंटाळा आला की ती तेही सांगे, आणि त्या संध्याकाळी तंबूत निम्मी माणसं कमी येत. अनंता तिच्यावर मनातून चिडे, पण तिच्यासमोर आला की "नीराबाई, कसं वाटलं?" असं विचारल्याशिवाय त्याच्यानं राहवत नसे.

छप्पन साली अनंतानं एक साधं चित्र आणलं. नाच नाही, तलवार नाही, नावाजलेलं कुणी नाही. एका म्हाताऱ्या सुईणीची गोष्ट होती. तिच्या हातून एक मूल दगावतं आणि गाव तिला टाकतं. पोटचा मुलगाही बायकोला घेऊन वेगळा राहू लागतो. शेवटी त्याचीच बायको बाळंतपणात अडते, आणि तो आईच्या दारात येऊन उभा राहतो.

पहिल्या दिवशी तंबूत तीस-चाळीस माणसं होती. चित्र संपलं तरी नीराबाई जागची उठली नाही. अनंता कंदील घेऊन तिच्यापाशी आला.

"बुडालो मी यंदा," तो म्हणाला.

"असं बोलू नका, शेठ," ती म्हणाली. "सहा वर्सं तुमच्या तंबूत बसते. इतकं खरं चित्र तुमी कवा आनलं नव्हतं. ती म्हातारी हात कशी धुते बघितलंत? पार कोपरापातूर. आमची सखुबाय सुईन अशीच धुते. एकच गोष्ट मना खटकली. पोरगा दारात आल्यावर ती येवडं मोठं भाषण करते, त्ये नको व्हतं. तिनं आपलं गाठोडं उचलावं आन चालू लागावं. बास."

दुसऱ्या दिवशीही ती आली. आणि त्याच्या पुढचा सगळा दिवस तिनं मासळी बाजूला ठेवून चित्रच विकलं. बाजारात, विहिरीवर, वाळवणाच्या खळ्यावर, जिथं बाई भेटेल तिथं ती सुईणीची गोष्ट सांगत होती. शेवट मात्र कुणाला सांगितला नाही.

तिसऱ्या संध्याकाळी गर्दीनं तंबू फुटायची वेळ आली. मागं खुर्च्यांवर मामलेदार कचेरीतली मंडळीही बसली होती. चित्र सुरू झालं, पाव भाग झाला, आणि भोंगा एकदम खरखरला आणि बंद पडला. पडद्यावर माणसं तोंडं हलवत होती, आवाज नव्हता. अनंता आणि त्याचा मशीनवाला घामाघूम झाले. तारा ओढून झाल्या, पेटी उघडून झाली. पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी कनातीला लाथ मारली.

नीराबाईनं मागं वळून अनंताचा चेहरा पाहिला आणि ती उठली. पडद्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"गप ऱ्हावा!" ती ओरडली. "मशीन चालू ठेवा शेठ. काय बोलतात त्ये मी सांगते."

लोक हसले. ती थांबली नाही. दोन वेळा पाहिलेलं चित्र तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. शब्द तिचे होते, थळच्या कोळीवाड्यातले, पण सून बोलली की आवाज सुनेसारखा धारदार होई आणि गावचा पाटील बोलला की जड होई. म्हातारीसाठी तिनं आवाज बदललाच नाही. हळूहळू शिट्ट्या थांबल्या. खुर्च्यांवरची मंडळी पुढं सरकून ऐकू लागली. इंजिनाची घरघर तेवढी येत होती, आणि नीराबाई.

शेवट आला. मुलगा दारात उभा राहिला. म्हातारीचे ओठ हलू लागले, हलतच राहिले. नीराबाई एक अक्षर बोलली नाही.

लोक तिच्याकडे बघू लागले, मग पुन्हा पडद्याकडे. म्हातारीनं गाठोडं उचललं आणि मुलाच्या पुढं चालू लागली. मग पुरुषांच्या बाजूला भागोजी नाखवा, ज्याला गावानं कधी डोळे पुसताना पाहिलं नव्हतं, तो पटक्याच्या टोकानं डोळे पुसत मोठ्यानं म्हणाला, "बरं झालं, बोलली नाय!"

ते चित्र थळात एकोणीस दिवस चाललं. भोंगा दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाला होता, तरी लोक म्हणत, "नीराबायलाच बोलू द्या." ती तयार झाली नाही. "त्या बाईचं काम हाय, तिलाच करू द्या," म्हणाली आणि आपल्या जागी मातीत जाऊन बसली.

पुढच्या साली हंगामाआधी अनंता पेणहून मुद्दाम तिच्या अंगणात आला. मुंबईत त्यानं सात चित्रं बघून ठेवली होती. ओट्यावर बसून त्यानं एकेकाची गोष्ट सांगितली. नीराबाई बोंबील निवडत ऐकत होती, मधूनच विचारत होती, "मग ती काय म्हनते?" "त्याला ठाऊक व्हतं का त्ये?" सातांतली तिनं तंबूसाठी तीन निवडली. त्यातलं एक तंबूत साफ पडलं.

"चुकलं माझं," ती सरळ म्हणाली. "तुमी सांगितलंत झ्याक. चित्र तसं नाय."

अनंता हसला. "मग पुढच्या वर्षी तुम्हीच चला मुंबईला. स्वतः बघा."

ती खरंच गेली. अनंताची बायको सत्यवती बरोबर होती. दोघींनी चार दिवसांत नऊ चित्रं पाहिली. आठव्याला सत्यवती बसल्या जागी झोपली. नीराबाई नवही चित्रांना जागी होती, आणि परतीच्या लाँचमध्ये तिनं ते आठवं चित्र सत्यवतीला पहिल्यापासून सांगितलं.