मनकर्णाच्या चुलीचा धूर

दर्यापूरकडच्या त्या गावात पुराचा इशारा मोबाइलवर येतो, पण तो वाचून घर सोडणारा माणूस तिथं अजून जन्मायचा आहे. लोक ओट्यावर बसून एकमेकांच्या घरांकडे बघतात. दुसरा निघाला की आपण निघायचं, एवढंच त्यांचं शास्त्र.

पूर्वी सगळ्यांची नजर केशवरावांच्या दावणीवर असायची. त्यांचं घर नाल्याला लागून. त्यांनी बैल सोडले की गावानं गाठोडी बांधून गढीवरच्या शाळेत जायचं. बैल दाराशी दिसले की बिनघोर बसायचं. मागच्या मोठ्या पुरात केशवरावांनी बायकोला, गोदाबाईला, आणि चांगल्या जोडीला मागच्या वाटेनं गुपचूप वर काढलं. दोन म्हातारे बैल कोण ओढत नेणार, म्हणून ते दाराशीच राहिले. खालच्या वस्तीतून मनकर्णाच्या नवऱ्यानं, पंजाबरावांनी, ते पाहिले आणि म्हणाले, "बैल बांधेलच हायेत. च्या ठेव."

चहा उकळायच्या आत पाणी घरात शिरलं. मनकर्णा बाभळीला धरून वाचली. पंजाबराव सापडले ते पुढच्या गावच्या शिवारात.

गाव जाब विचारायला गेलं, तेव्हा केशवराव म्हणाले, "म्या कोनाले थांबा म्हनलं होतं?"

खरंच, कोणालाच म्हटलं नव्हतं. ते वाक्य ऐकून गाव माघारी फिरलं. मनकर्णानं मात्र ते मनात जपून ठेवलं.

तेव्हापासून नाला जरा फुगला की ती गोधडी काखोटीला मारून गढी गाठायची. लोक हसायचे, "पळाली मनकर्णा." हसता हसता तिच्या मागं निघायचेही. केशवरावांचे बैल जाऊन ट्रॅक्टर आला होता. आता तेही ओट्यावरून तिचंच घर बघायचे. वस्तीतलं तेवढं एकच घर तिथून दिसायचं. ती चूल विझवून दोरीवरचं लुगडं काढायची, आणि केशवराव दर खेपेला सुखरूप वर पोचायचे. तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

यंदा एका दुपारी गावात साधी भुरभुर होती, पण नाल्याच्या पाण्यावर कुटार, गुरांसाठी साठवलेला भुसा, तरंगत आलं. वरच्या गावचे गोठे वाहून गेले, हे मनकर्णानं ओळखलं. ती वस्तीत दारोदार फिरली. "निंगा, पानी येऊन राहिलं." सगळ्यांना तिनं मागच्या वाटेनं काढलं. केशवरावांच्या गल्लीपाशी मात्र तिचे पाय थांबले. गोदाबाईचं नाव ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि घरी परतली.

चुलीत कपाशीची ओली पऱ्हाटी कोंबली. लुगडं दोरीवर तसंच ठेवलं. मग गोधडी घेऊन मागच्या दारानं निघाली.

केशवराव धूर बघत ओट्यावर बसून राहिले.

दोघा नवराबायकोंनी रात्र गोठ्याच्या पत्र्यावर काढली. सकाळी बोटीनं त्यांना शाळेत आणलं. केशवरावांचा आवाज बसला होता.

"तुह्या चुलीचा धूर दिसून राहिला होता, मनकर्णा. म्हून थांबलो."

ती उठून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"म्या कोनाले थांबा म्हनलं होतं?"

ज्यांना आठवायचं त्यांना आठवलं. केशवरावांची मान खाली गेली. मनकर्णानं ती डोळे भरून पाहिली आणि तिला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं?

तेवढ्यात मागून गोदाबाईनं विचारलं, "अन मले कावून नाही सांगतलं वं?"

थंडीनं तिचे दात वाजत होते. पंजाबराव गेले तेव्हा मनकर्णाच्या अंगावर धड कपडा नव्हता. आपल्या पेटीतलं लुगडं गोदाबाईनंच आणून दिलं होतं. काल दोरीवर ठेवलं ते तेच.

केशवरावांसाठीचं उत्तर मनकर्णानं वर्षानुवर्षं घोकलं होतं. गोदाबाईचा प्रश्न त्यात कधी आलाच नव्हता. तिनं आपली गोधडी गोदाबाईच्या अंगावर टाकली आणि खाली बसून तिचे गारठलेले पाय चोळू लागली.

केशवरावांनी गोधडीचं एक टोक आपल्याकडे ओढलं. मनकर्णानं ते त्यांच्या हातातून सोडवून घेतलं आणि गोदाबाईच्या पायाखाली खोचलं.