फोटोपुरत्या विधवा

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरायचा प्रयत्नही केलेला नाही. मुलगा म्हणतो, "दादा, खुनाच्या केसेस लिहा, दरोड्याच्या लिहा, लोकांना ते आवडतं. शाळेतल्या अर्जाचं काय लिहिता?" मी त्याला सांगितलं, काय लिहायचं ते मी ठरवीन. खुनाच्या केसेस कोर्टात गेल्या आणि माझ्या डोक्यातून गेल्या. ही गेली नाही. नावं मात्र मी कुणाचीच देणार नाही. शाळेचंही नाही.

मी घोटीकडचा. शिक्षण सातवी. शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदार होऊन निवृत्त झालो. परीक्षा देऊन आलेले तरुण फौजदार माझ्या पाठीमागे मला 'सातवी पास' म्हणत, ते मला ठाऊक होतं. पंचनामा कसा लिहायचा ते मात्र माझ्याकडूनच शिकून जात. कुणापुढे हात न पसरता मी वर आलो याचा मला अभिमान होता, आजही आहे. या प्रकरणात तोच आडवा आला, हे मी आधीच सांगून टाकतो.

तेव्हा मी नाशिकरोडच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात होतो. सकाळची हजेरी झाली, बंदोबस्ताची माणसं गेली, की मोठे साहेब टपाल बघायला बसत. एक दिवस त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. वहीचं फाडलेलं पान, खाली सही नाही. "शाळेत जिवंत माणसे मयत दाखवून मदत घेतली जाते. मराठीच्या बाई यात आहेत. चौकशी व्हावी."

"निनावी आहे," मी म्हणालो.

"आहे ना. पण शाळेचा मामला आहे. जाऊन या एकदा, आणि अहवाल द्या."

त्या शाळेत एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे राबणाऱ्यांची, हमालांची, सुरगाण्याहून कामाला आलेल्या आणि इथेच राहिलेल्या लोकांची पोरं शिकत. अशा पोरांना शाळा कशी धरून ठेवते, हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. पुस्तकं आठवीपर्यंत सरकारकडून फुकट मिळतात, नववीपासून नाही. शिष्यवृत्ती येते, पण कागद पुरे झाले तर, आणि येते तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं. गणवेश, बूट, बसचा पास, दहावीची परीक्षा फी, हे सगळं मधल्या मधे राहतं. म्हणून शिक्षक पगारातून थोडं थोडं काढून एका डब्यात टाकत. पास होऊन गेलेल्या पोरांची पुस्तकं एका कपाटात जपून ठेवलेली. दोन जोड बूटही होते त्यात, पॉलिश केलेले.

पण खरा आधार एका ट्रस्टचा होता. चौदा मुलांचा दहावीपर्यंतचा सगळा खर्च ते उचलत. अट एकच, मुलाचे वडील वारलेले हवेत. ज्यांनी ट्रस्ट काढला त्यांचे वडील लहानपणीच गेले होते, म्हणून तशाच मुलांना द्यायचं असं त्यांनी ठरवलेलं. खेड्यातल्या लोकांकडे मृत्यूचा दाखला बरेचदा नसतो, म्हणून शिक्षकाच्या सहीचं पत्र चाले, आणि ते काम मराठीच्या बाईंकडे होतं. सोबत आईचा आणि मुलाचा एकत्र फोटो लागे. हल्ली नवरा गेलेल्या बायकाही टिकली लावतात, चांगलं करतात. पण एकदा असा टिकलीचा फोटो 'खात्री करावी' असा शेरा मारून परत आला. तेव्हापासून शाळेनेच ठरवून टाकलं, फोटोत आईच्या कपाळाला आणि गळ्यात काही नको.

शाळेच्या क्लार्कने ती चौदा अर्जांची फाइल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "साहेब, आमच्या बाई देवमाणूस आहेत हो."

"बघतो," मी म्हणालो.

शिकलेला माणूस आधी अक्षर वाचतो. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून मी आधी तोंड बघतो. रंगीत फोटो होते, पोस्टकार्डाएवढे. पहिला पाहिला, दुसरा पाहिला. चौथ्यापाशी थांबलो. अर्जात लिहिलं होतं, नवरा वारून सहा वर्षं झाली. बाई उन्हात काम करणारी, रंग रापलेला. आणि कपाळाच्या मधोमध टिकलीएवढा गोल डाग, बाकीच्या कातडीपेक्षा उजळ. गळ्यालाही पोतीची बारीक उजळ रेघ. सहा वर्षं ऊन खाल्लेल्या कपाळावर असा डाग राहत नाही. ती टिकली त्याच दिवशी निघाली होती.

चौदात अशा पाच निघाल्या. मला फार आनंद झाला. खोटं कशाला बोलू, झाला. पदवीवाल्या कुणाला हे दिसलं नसतं.

त्या चौथ्या बाईच्या घरी गेलो. मळ्यात द्राक्षाच्या कामाला जायची, बाकीच्या दिवसांत धुणीभांडी. मूळची सुरगाण्याकडची. एक पत्र्याची खोली, आणि कपाळाला टिकली होती. मी फोटो पुढे धरला. तिने बघितला आणि खालीच बसली.

"नवरा कुठाय?"

"गुजरातकडं. दुसरी केली त्याने."

"म्हणजे जिवंत आहे."

"जिता हाय. त्याला जिता हाय, आमाला काय?"

"मग फोटोत हे काय?"

"बाई म्हनल्या, पोरीचं नाव लागंल, पर फोटोपुरतं काढावं लागंल. बाईच रडल्या, साहेब. मी नाय रडले. फोटोवाला म्हनला, मावशी, हसू नका. मी कशाला हसती? फोटो झाला नि तितल्याच आरशात परत लावली. सासूला नका सांगू, ती म्हनंल मी तिचा ल्योक मारला."

तेवढ्यात मुलगी आली. नववीतली, हातात पाण्याची कळशी. तिने आईकडं बघितलं, फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काका, माझं नाव काढणार?"

"मी नुसती चौकशी करतो."

"आमचा बाप मेला असता तर तुम्ही आला नसता ना?"

अशी पोरं मला आगाऊ वाटायची. मी तिला गप्प बस म्हणालो.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही असा नियम. म्हणून महिला शिपायाला घेऊन शाळेच्या वाचनालयात बसलो. मराठीच्या बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, बोटांना खडू. मला वाटलं होतं आढेवेढे घेतील. एकही घेतला नाही.

"ही सही तुमची?"

"माझीच."

"हा माणूस मयत आहे असं लिहिलंय."

"हो."

"तो जिवंत आहे."

"तुम्हाला भेटला?"

"नाही."

"त्याच्या मुलीलाही नाही भेटला, सहा वर्षांत." बाईंनी चष्मा खाली घेतला. "दोनदा ट्रस्टला पत्र लिहिलं मी. सोडून गेलेल्यांच्या मुलांनाही घ्या म्हटलं. उत्तर आलं, नियमात बसत नाही. मग मी बसवलं. एक पैसा इकडचा तिकडे केलेला नाही, पावत्या बघा."

पावत्या मी बघितल्याच होत्या. सगळं चोख होतं. मी जबाब लिहायला घेतला. माझं अक्षर मोठं आणि हात सावकाश. बाई बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "साहेब, तुम्ही कितवीपर्यंत शिकलात?"

महिला शिपाई खिडकीबाहेर बघायला लागली.

"तुम्हाला काय करायचंय?"

"राग नका मानू. लिहिणं बघून विचारलं. तेव्हा कुणी चार वह्या दिल्या असत्या तर पुढे गेला असतात, एवढंच."

"मला कुणाच्या वह्या नको होत्या," मी म्हणालो.

आता म्हातारपणी लिहितो. हव्या होत्या. आठवीला घोटीच्या शाळेत जायचं तर पायात काही लागायचं, आणि मागायला आमच्या बापाला लाज वाटायची. ती लाज मी आयुष्यभर अभिमान म्हणून वापरली. पण त्या दिवशी वाचनालयात मला एवढंच कळलं की या बाईने महिला शिपायासमोर माझं शिक्षण काढलं.

मोठ्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "अर्ज निनावी, ट्रस्टची तक्रार नाही, कुणी पैसे खाल्लेले नाहीत. तथ्य नाही म्हणून लिहा, दप्तरी लावून टाकू."

"साहेब, तथ्य आहे."

"आहे हो. म्हणून तर म्हणतोय."

"मी आजवर खोटा अहवाल दिलेला नाही."

साहेबांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. शिकलेला, समजूतदार माणूस. म्हणाले, "सही तुमची आहे. बघा बुवा."

मी खरं ते लिहिलं. पाच नावं, पाच जिवंत नवरे, बाईंची सही. एक प्रत शिक्षण खात्याला गेली, एक ट्रस्टला.

गुन्हा दाखल झालाच नाही. ट्रस्टला कोर्टकचेरी नको होती. त्यांनी दोन ओळींचं पत्र पाठवलं आणि त्या शाळेतली योजना बंद केली. पाच जणांची नव्हे, चौदांची. उरलेल्या नऊ मुलांचे बाप खरोखर वारलेले होते. बाई निलंबित झाल्या. पुढे कामावर घेतलं, पण दहावीचा वर्ग परत दिला नाही, तेव्हा त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

महिनाभराने एक बाई ठाण्यात आली. ठाणे अंमलदारापुढे बसून नुसती रडायची, तक्रार काही सांगेना, म्हणून त्याने माझ्याकडे पाठवली. खरी विधवा. मुलगा त्याच शाळेत आठवीला.

"साहेब, तो बिनसहीचा अर्ज माझा होता. शेजारच्या पोराकडून लिहून घेतला. बाई म्हणाल्या, चौदा भरले, पुढच्या वर्षी बघू. आणि मला माहीत होतं कुणाचे नवरे आहेत ते. मी फक्त म्हणत होते, माझ्या पोराला घ्या. बंद करा असं मी कुठं म्हटलं होतं?"

म्हणजे बाईंच्या त्या पाच खोट्या सह्यांमुळे एक खरा मुलगा बाहेर राहिला होता. हेही खरंच होतं. ते ऐकून मला जरा धीर आला, की बघा, माझं चुकलं नव्हतं. मग तिने विचारलं, "आता पुढच्या वर्षी तरी सुरू होईल का हो?" मी तिला चहा मागवला. ती न पिताच गेली.

त्या सुरगाण्याच्या पोरीची खबर मला कुणी दिली नाही, मीच काढली. जूनमध्ये शाळेत गेलो, म्हटलं दहावीची पुस्तकं घेऊन द्यावीत. क्लार्क म्हणाला, "ती आलीच नाही, साहेब." आता तो मला चहा विचारत नव्हता. पत्र्याच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. शोधायला मला दीड वर्ष लागलं. गुन्हेगार मी यापेक्षा लवकर शोधलेत.

दिंडोरीच्या बाजूला एका द्राक्षाच्या पॅकिंग शेडमध्ये सापडली. पन्नास बायका ओळीने उभ्या, डोक्याला जाळीची टोपी, हातात कात्री, घडातले खराब मणी काढत होत्या. तिने मला लगेच ओळखलं.

"काका, आता कुणाची चौकशी?"

शेजारची हसली. मी खिशातून कागद काढला. शाळेत न जाता दहावीला बसायचा तो सतरा नंबरचा फॉर्म. त्याची सगळी माहिती मी काढून आणली होती.

"हा भर. फी, पुस्तकं, सगळं मी बघतो."

तिने कात्री ठेवली, हात पुसले आणि फॉर्म वाचला. भराभर वाचला. मला तसं कधी जमलं नाही.

"वडिलांचं काय लिहायचं?"

"नुसतं नाव. जिवंत आहे की नाही, ते कुणी विचारत नाही."

"मग तेव्हा का विचारलं?"

मी आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारले. भल्याभल्यांना घाम फोडला. त्या पोरीला मी फॉर्मवर सही कुठे करायची ते दाखवलं. मुकादम ओरडला, तशी तिने फॉर्मची घडी करून ओढणीच्या टोकाला बांधली आणि कात्री उचलली. "बघते," म्हणाली. मुदत गेली तरी फॉर्म आला नाही. पुढच्या हंगामात पुन्हा गेलो तेव्हा कळलं, लग्न झालं. वय अठरा पुरं होतं, तेवढी चौकशी मी केली.

बाईंकडेही एकदा गेलो. त्यांनी बसायला सांगितलं, तब्येत विचारली, त्या प्रकरणाचा शब्दही काढला नाही. मला वाटत होतं, त्यांनी चार शब्द सुनवावेत.

आता मी दरवर्षी पेन्शनमधून काही मुलांचे बूट आणि पुस्तकं त्या शाळेत देतो. मुख्याध्यापकांना सांगितलंय, अर्ज नको, फोटो नको, शिक्षकाने बोट दाखवावं आणि द्यावं. यात कुणी मला फसवत असेलही. फसवू दे.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, ते मला नीटसं मांडता येत नाही. अहवाल खरा होता, त्यातला एक शब्दही मी खोटा म्हणणार नाही. पण खात्याने मला काय घडलं ते शोधायला शिकवलं. सही केल्यावर पुढे काय घडेल, तो प्रश्न मी त्या चौकशीत कुणालाच विचारला नाही. साहेब सुचवत होते, तर मला ती पळवाट वाटली.

लोक म्हणतात, त्या काळात पुष्कळ पोरी दहावी नापास झाल्या. ही नापासही झाली नाही. त्यासाठी परीक्षेला बसावं लागतं.